स्लीव्हनंतरच्या उलट्या आणि जड पाय: ताई, आजच निघा

ताई, मिस्टरांच्या स्लीव्हला, म्हणजे वजन कमी करायला पोट कापून नळीसारखं करतात त्या सर्जरीला, पाच आठवडे झालेत, रोज दोन-तीनदा उलटी होते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाईन लावून आणताय आणि परवापासून ते पाय जड झाल्याचं म्हणतायत, हे वाचून पोटात गोळा आला. जानेवारी २०१९ मध्ये मीही याच अवस्थेत अडकलो होतो.

आधी कामाचं. आज त्या दवाखान्यात जाऊ नका. सर्जरी केलेल्या डॉक्टरांना फोन लावा, लागला नाही तर थेट मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा. तिथं सर्जरीची तारीख आणि उलट्या किती दिवस आहेत ते सांगा, आणि स्पष्ट विचारा, "यांना थायमिन म्हणजे बी-१ अजून दिलेलं नाही, ग्लुकोजच्या आधी ते देणार का?" मी डॉक्टर नाही, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. निर्णय त्यांचाच, पण विचारा जरूर.

माझी सर्जरी पुण्यात झाली. तेव्हा वजन १४१. तीन आठवडे नुसतं पातळ, मग मऊ भात-वरण. चौथ्या आठवड्यात इथं सोलापुरात गड्ड्याची यात्रा, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि मी कडक भाकरीचा रुपयाएवढा तुकडा शेंगाचटणीला लावून तोंडात टाकला. छातीत अडकला, उलटी झाली आणि मग थांबेचना. पाण्याचा घोटसुद्धा परत यायचा.

भाकरी खाल्ली हा गाढवपणाच, पण खरी चूक पुढची. मी पुण्याला फोनच केला नाही. लाज वाटली हो. "पैसे भरून पोट कापून घेतलं आणि जिभेवर ताबा नाही" असं ऐकावं लागेल म्हणून. जाड माणसाला शाळेपासून एकच शिकवलेलं असतं, काही झालं की तुझंच खाणं नडलं. तेव्हा भाकरी हा गुन्हा, उलटी ही शिक्षा, आणि ती मुकाट भोगायची. अठरा दिवस भोगली.

त्यात जवळचा दवाखाना, नाव घेत नाही. रोज ग्लुकोजची बाटली आणि "नवीन पोट आहे, होतं असं". शरीरातला बी-१ चा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. तो संपत आलेला असताना नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलंही त्यात खर्ची पडतं. मला हे नंतर कळलं, त्यांना आधी माहीत असायला हवं होतं. अजून राग जात नाही.

बी-१ संपल्यानं आधी तळपायाला मुंग्या आल्या. मग जिना चढताना गुडघा आपोआप दुमडायला लागला. एका संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसलो होतो, तर पाण्यात दोन देवळं दिसली, शेजारी शेजारी. बायको म्हणाली, चष्मा पुसा. दुसऱ्या दिवशी सकाळी मला वार आठवेना, तेव्हा तिनं गाडी बोलावली.

थायमिन शिरेतून दिल्यावर डोळे काही दिवसांत ताळ्यावर आले. पायांनी सात महिने घेतले. दुर्बिणीत कळलं की पोटाची नळी मध्येच आखडली होती, ती फुग्यानं रुंद केली. म्हणजे भाकरी निमित्तमात्र. आणि पुण्याचे डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "इतके दिवस फोन का नाही केलात?"

"व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू आहेत" असं तुम्ही लिहिलंय. उलटीबरोबर गोळीही बाहेर पडतेय, त्यामुळे ती हिशेबात धरू नका. अंगदुखीला ब्रुफेनसारखी गोळी मनानं देऊ नका, अल्सरची भीती असते. केसांचं विचारलंत, तर माझे चौथ्या महिन्यात मुठीनं गेले आणि प्रोटीन नीट सुरू झाल्यावर परत आले. त्याची काळजी आज नको. दंडाची लोंबती कातडी आणि "आता बरे दिसता हो" म्हणणारे पाहुणे, यांवर पुन्हा कधीतरी.

निघताना सलाईनचे कागद बरोबर घ्या. कागद नसतील तर बाटलीवरचं नाव लिहून आणा. मिस्टर म्हणतील, "एवढ्यासाठी कशाला त्यांना त्रास द्यायचा?" म्हणू द्या. मीही हेच म्हणत होतो.