मिठागराचं गुलाबी पाणी आणि कोळंबीचा लाल रंग

मे महिन्यात आमच्या मिठागराच्या शेवटच्या वाफ्यांतलं पाणी गुलाबी होतं. कारखान्याचं पाणी मिसळत असेल का? (रायगड)

‘शेवटच्या वाफ्यांत’ म्हणालात, त्यातच बरंचसं उत्तर आलं. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण ३.५ टक्के; मीठ धरू लागतं तिथे ते २५ टक्क्यांच्या पुढे गेलेलं असतं. तिथे तग धरणाऱ्या मोजक्या जिवांपैकी एक म्हणजे ड्युनालिएला सलिना हे एकपेशीय शैवाल. मुळात ते हिरवं. ऊन तापलं, नायट्रोजन कमी पडला, की पेशीत बीटा-कॅरोटिनचे नारिंगी थेंब साठू लागतात. ते जादा प्रकाश अडवतात आणि आतलं हरितद्रव्य वाचतं. भर दुपारी डोक्याला टॉवेल गुंडाळून मीठ ओढणारा माणूस हेच करतो! वाळवलेल्या शैवालात हे रंगद्रव्य १० टक्क्यांपर्यंत भरतं, म्हणून ऑस्ट्रेलिया आणि इस्रायलमध्ये त्याची शेती होते. गुलाबी छटेत खाऱ्यात वाढणाऱ्या इतर सूक्ष्मजीवांचाही वाटा असतो. मात्र नाल्याच्या तोंडापासूनच रंग दिसत असेल, तर पाणी जरूर तपासून घ्या.

हळद-तिखट न लावता नुसती उकडली तरी कोळंबी लाल का होते? (रत्नागिरी)

रंग आधीपासून तिच्यातच असतो. त्याचं नाव अ‍ॅस्टाझॅन्थिन. कच्च्या कोळंबीत तो प्रथिनाला बिलगलेला असतो, म्हणून ती निळसर-करडी दिसते. उष्णतेने प्रथिन मोडतं आणि रंग सुटतो. कोळंबीला कॅरोटिनॉइड (बीटा-कॅरोटिन आणि हा रंग ज्या गटात मोडतात ती रंगद्रव्यं) मुळापासून बनवता येत नाहीत. ते शैवालातून, अन्नसाखळीतून तिच्याकडे येतात.

वडील विडी ओढतात. त्यांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या द्याव्यात का? (चिपळूण)

नको. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधल्या मोठ्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, जास्त आढळला. गाजर, भोपळा, शेवग्याचा पाला खुशाल खाऊ द्या.

रंगद्रव्यासाठी शैवाल वाढवण्याचा धंदा कोकणात चालेल का? (देवगड)

उघड्या तळ्यात ड्युनालिएला घ्यायचं तर आपला पाऊसच आडवा येतो. जूनच्या पहिल्या सरींतच खारेपणा उतरतो. अ‍ॅस्टाझॅन्थिन देणारं हिमॅटोकॉकस हे शैवाल गोड्या पाण्यातलं, पण लाल झाल्यावर त्याचं कवच इतकं जाड होतं की ते फोडायला यंत्रं लागतात. माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात रंगद्रव्याच्या कॅप्सूलपासून करू नका. कोळंबीच्या पिल्लांना किटोसेरॉससारखं जिवंत शैवाल लागतंच, ते स्वच्छ वाढवायला आधी शिका. रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन चौकशी करा. आणि पहिला महिना रोज सकाळी शैवालाची बाटली उजेडात धरून बघा: हिरवं पाणी फिकं पडून तळाशी गाळ बसू लागला, तर वाढ बिघडली आहे.