दुकानात, कॅफेत किंवा रेस्टॉरंटमध्ये मागितल्यावरच मिळणाऱ्या सोयी कोणत्या?

माझ्या मते सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित सोय चष्म्याच्या दुकानात मिळते. फ्रेम नाकावरून घसरत असेल, कानामागे टोचत असेल तर नुसतं सांगा. काड्या गरम करून वाकवणं, सैल स्क्रू आवळणं, नोजपॅड बदलणं ही थोड्या मिनिटांची कामं. चष्मा तिथलाच असेल तर बहुधा पैसेही घेत नाहीत. नाकावर वळ घेऊन महिनोन्‌महिने वावरणारी माणसं पाहिली की खरंच वाईट वाटतं.

रंगाच्या दुकानात जुन्या भिंतीचा नाण्याएवढा पोपडा न्या. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर त्यावर छटा मोजून मशीनमध्ये जवळपास तसाच रंग तयार करून देतात. प्लायवुडही अनेक ठिकाणी मापात कापून मिळतं.

स्टारबक्समध्ये गरम पेयांसाठी ‘शॉर्ट’ हा साधारण २४० मिलिलिटरचा कप असतो. बऱ्याचदा तो फलकावर दिसत नाही, मागावा लागतो. कॉफीच्या बिया घेताना घरी कशात करता ते सांगा: फ्रेंच प्रेससाठी जाडसर, एस्प्रेसोसाठी बारीक दळून देतात.

रेस्टॉरंटमध्ये सॉस वेगळ्या वाटीत मागता येतो. अ‍ॅलर्जी असेल तर मात्र पदार्थात काय काय आहे हे ऑर्डर देण्याआधीच, अजिबात न संकोचता विचारा.