करकपात नेमकी कोणाच्या पदरात पडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसात रोज वाद होतो. एकजण म्हणतो, कर कमी केले की सगळ्यांचंच भलं होतं. दुसरा म्हणतो, करकपात म्हणजे श्रीमंतांची चैन आणि सरकारी खर्च कापणं म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय. यातलं बरोबर काय, आणि जो आधीच सगळ्यात जास्त कर भरतो त्याच्याकडेच पुन्हा मागणं न्यायाचं आहे का?

मी हिशेबाचं आणि करविवरणपत्रं भरून देण्याचं काम करते, तेही बरीच वर्षं. त्यामुळे माझा पहिला आग्रह हाच की कोणत्याही करकपातीवर मत देण्याआधी कागद-पेन घ्या. हे वाद बहुतेक वेळा टक्क्यांवर अडकतात, आणि टक्के फार फसवे असतात.

एक साधं उदाहरण घेऊ. तीन माणसं: महिन्याला 20 हजार, 1 लाख आणि 10 लाख मिळवणारी. समजा पहिल्या 20 हजारांवर कर नाही, त्यापुढे 1 लाखापर्यंत 10 टक्के आणि 1 लाखाच्या वर 30 टक्के. म्हणजे पहिल्याचा कर शून्य, दुसऱ्याचा 8 हजार, तिसऱ्याचा 2 लाख 78 हजार. आता सरकारनं जाहीर केलं, ‘सगळ्यांना करात सरसकट 25 टक्के सूट.’ ऐकायला अगदी समान वाटतं. पहिल्याला काय मिळालं? काहीच नाही. दुसऱ्याचे 2 हजार वाचले, तिसऱ्याचे 69,500. कर भरून हातात राहणारी रक्कम दुसऱ्याची जेमतेम 2 टक्क्यांनी वाढली आणि तिसऱ्याची साडेनऊ टक्क्यांहून जास्त.

तुमचा पहिला सहकारी इथे म्हणेल, की जो जास्त भरतो त्यालाच जास्त परत मिळणार, त्यात गैर काय? मुद्दा रास्त आहे. पण हिशेब अजून अर्धाच झालाय. सूट दिल्यावर तिजोरीत जो खड्डा पडला, तो कोणी बुजवायचा? समजा त्यासाठी वस्तूंवरचा कर एका टक्क्यानं वाढवला. पहिल्या माणसाचे 20 हजार महिनाअखेर पूर्ण खर्च होतात, म्हणजे त्याच्या खिशातून साधारण 200 गेले, उत्पन्नाच्या 1 टक्का. तिसऱ्यानं महिन्याला 3 लाख खर्च केले तर त्याचे 3 हजार गेले, पण उत्पन्नाच्या मानानं ते 0.3 टक्के. ज्याला सवलतीतला छदामही मिळाला नाही, त्याच्यावर भरपाईचा बोजा तिप्पट जड पडला. मला अन्याय दिसतो तो इथे. दरांच्या तक्त्याकडे कितीही वेळ बघत बसलात तरी तो सापडणार नाही, कारण तो भरपाईच्या कलमात असतो.

‘कर कमी केले की उद्योग वाढतात, त्यातून महसूल आपोआप भरून येतो’ हे उत्तर तुम्ही ऐकलंच असेल. कधीकधी त्यात तथ्य असतं. अमेरिकेत 1964 च्या कायद्यानं आयकराचा सर्वात वरचा दर 91 टक्क्यांवरून पुढच्याच वर्षी 70 वर आला आणि ती वर्षं तिथे भरभराटीची होती. पण 91 वरून खाली येणं वेगळं आणि आधीच कमी असलेला दर आणखी उतरवणं वेगळं. त्याच देशातल्या कॅन्सस राज्यात 2012 मध्ये गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी आयकर कापला, शिवाय अनेक व्यवसायांचं मालकाच्या नावे येणारं उत्पन्न करमुक्तच करून टाकलं. वाढ येईल आणि खड्डा भरेल, अशी आशा होती. महसूल कोसळला. 2015 मध्ये काही शाळांनी पैशांअभावी ठरलेल्या तारखेच्या आधीच वर्ष आटोपलं. शेवटी 2017 मध्ये, ब्राउनबॅक यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळानं त्यांचा नकाराधिकार डावलून ही कपात बरीचशी मागे घेतली.

ब्रिटनचा अनुभव त्याहून ताजा आहे. 23 सप्टेंबर 2022 रोजी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी मोठी करकपात जाहीर केली. त्यात 45 टक्क्यांचा सर्वात वरचा टप्पाच रद्द करायचा होता आणि पैसा कर्जातून यायचा होता. तीन दिवसांत पौंड डॉलरसमोर विक्रमी नीचांकाला गेला. 28 तारखेला बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोखे विकत घ्यायला बाजारात उतरावं लागलं. 3 ऑक्टोबरला वरच्या टप्प्याचा निर्णय मागे घेतला गेला आणि 20 तारखेला पंतप्रधान लिझ ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. दरम्यान गृहकर्जाचे व्याजदर चढले होते. त्या कपातीतून ज्यांना फारसं काही मिळणार नव्हतं, अशा कर्जदारांनीही त्याची किंमत मोजली.

आता दुसऱ्या सहकाऱ्याकडे वळते, कारण त्याचंही सगळं मला पटत नाही. सरकारी खर्च म्हटला की तो गरिबासाठीच असतो, असं नाही. इंधनावरचं सरसकट अनुदान घ्या. ज्याच्या दारात दोन मोटारी आहेत तो जास्त इंधन जाळतो, म्हणून अनुदानाचा मोठा वाटाही तोच उचलतो. पायी जाणाऱ्याला त्यातलं अगदीच थोडं मिळतं. शिवाय करसवलती हाही एक प्रकारचा खर्चच, फक्त तो अंदाजपत्रकात खर्च म्हणून नजरेत भरत नाही. घरकर्जाच्या व्याजावर वजावट मिळते तेव्हा 30 टक्के दरानं कर भरणाऱ्याचे व्याजाच्या दर शंभरामागे 30 वाचतात आणि 10 टक्केवाल्याचे 10. ज्याला कर्ज मिळतच नाही त्याला शून्य. असा खर्च कापला तर गरिबाच्या पोटावर पाय येत नाही. सरकारी दवाखान्यातली औषधं कापली तर नक्की येतो. म्हणून ‘खर्च कमी करा’ हे वाक्य कोणता खर्च ते सांगितल्याशिवाय मी ऐकूनच घेत नाही.

अमेरिकेत 1986 साली रोनाल्ड रेगन यांच्या काळात सर्वात वरचा दर 50 वरून 28 टक्क्यांवर आणला गेला. आकडा बघितला तर श्रीमंतांची चंगळ वाटेल. पण त्याच कायद्यानं अनेक पळवाटा आणि वजावटी बंद केल्या, शेअर-मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्यावरचा वरचा दर 20 वरून 28 वर नेला, आणि एकूण महसूल साधारण तेवढाच राहील असा हिशेब आधीच मांडला. दोन्ही पक्षांनी त्याला मतं दिली. दर कमी करूनही न्यायाचा विचार करता येतो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

एक गोष्ट मी स्वतः चुकून शिकले. माझ्याकडे विवरणपत्र भरायला येणारे एक गृहस्थ पगारवाढ नाकारायला निघाले होते. ‘वरच्या टप्प्यात गेलो तर सगळ्या पगारावर जास्त कर लागेल’ ही त्यांची भीती. मी त्यांना कागदावर काढून दाखवलं: 1 लाखाचे 1 लाख 5 हजार झाले तर वरचा दर फक्त त्या 5 हजारांना लागतो, 1,500 जातात, 3,500 हातात राहतात. नुकसान होणं शक्यच नाही, असं मी ठामपणे सांगितलं. त्यांनी वाढ घेतली. काही महिन्यांनी ते पुन्हा आले. मुलीला शिक्षणात मिळणारी फीची सवलत बंद झाली होती, कारण तिची उत्पन्नमर्यादा त्या वाढीमुळे थोडक्यात ओलांडली गेली होती. सवलत वाढीपेक्षा मोठी होती. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण तो कागद मी अजून ठेवलाय.

कराचा माझा हिशेब अचूक होता, पण मदत काढून घेतली जाणं हाही त्या माणसासाठी करच असतो, हे मी मोजलंच नव्हतं. हे जगभर घडतं. ब्रिटनमध्ये ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही मदत घेणाऱ्याची कमाई वाढली की, काहींना असलेली सुरुवातीची माफी सोडली तर, हातात आलेल्या प्रत्येक जादा पौंडामागे, म्हणजे 100 पेन्समागे, 55 पेन्स मदत कापली जाते. 2021 च्या अखेरीपर्यंत तर 63 पेन्स कापले जात. आणि आयकराचा सर्वात वरचा दर 45 टक्के! ‘जास्त कर लावला की माणूस काम करायला नाखूश होतो’ हा युक्तिवाद नेहमी वरच्या माणसासाठी केला जातो. तो खरा असेल तर खालच्या माणसाला आधी लागू पडायला हवा.

शेवटचा प्रश्न, जास्त भरणाऱ्याकडेच पुन्हा मागण्याचा. वरची दहा लाखांची व्यक्ती खरोखर सगळ्यात मोठी रक्कम भरते आणि तिला चोर समजणं मला मुळीच मान्य नाही. पण तिच्या 10 लाखांतून 30 हजार जास्त गेले तर तिचं शिल्लक टाकणं थोडं कमी होतं. 20 हजारवाल्याकडून 600 गेले तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात औषध अर्धंच आणलं जातं. दोघांचाही वाटा बरोबर 3 टक्के. मला हे दोन त्याग समान वाटत नाहीत, म्हणून चढत्या दरांच्या बाजूनं मी उभी राहते. आणि करकपात करायचीच असेल तर खालून करा. ज्यांचा आयकरच शून्य आहे त्यांना दर कापून काही मिळत नाही, त्यांच्यासाठी वस्तूंवरचा कर उतरवा, किंवा अमेरिकेत 1975 पासून कमी पगाराच्या कामगारांना देतात तसा परतावा द्या. तिथे कर शून्य असला तरी रक्कम हातात पडते.