दोघांनीच क्रूझला जायचं असेल तर

तुम्ही विचारलंय, ‘आम्ही नवरा-बायको, दोघंही पन्नाशीपुढचे. मुलं सोबत नसतील. जहाजावर पोरांचा दंगा नको, तर कोणती क्रूझ कंपनी निवडावी?’ त्याखाली एकानं लिहिलंय, ‘मुलं एवढी खुपत असतील तर घरीच बसा की.’ ते वाचलं नसतं तर मी लिहायला बसलेच नसते.

आम्हाला मूल नाही. कोल्हापुरातल्या प्राथमिक शाळेत मी तेहतीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले. नाकं पुसली, चड्ड्या बदलल्या, गिरवून घेतलं. धाकट्या जावेचे दोन्ही मुलगे माझ्याच पाटीवर अक्षरं शिकले. तेव्हा मुलं खुपतात वगैरे मला कुणी ऐकवू नये.

मे २०१७ मध्ये आमच्या लग्नाला तीस वर्षं होणार होती. राजारामपुरीतल्या एका एजंटाला मी स्पष्ट सांगितलं होतं, शांत जहाज बघा. त्यानं सिंगापूरहून सुटणारं चार रात्रींचं जहाज गळ्यात मारलं. ‘काकू, सगळी मोठीच माणसं असतात हो.’ मेमध्ये शाळांना सुट्टी असते हे मला का ठाऊक नव्हतं? पण मलाही रजा तेव्हाच मिळायची. जहाजावर अर्धा महाराष्ट्र आणि उरलेला गुजरात. तलावात पाणी दिसत नव्हतं, नुसती डोकी.

तेही चाललं असतं. तिसऱ्या रात्री लग्नाचा वाढदिवस होता. यांनी वरच्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटात दहाचं टेबल सांगून ठेवलेलं. मी नारायणपेठ नेसले होते. लिफ्टपाशी आमच्याच ग्रुपमधली एक बाई दोन मुलांना घेऊन उभी, मुलगा पाचेक वर्षांचा, मुलगी तीनची. म्हणाली, ‘काकू, जरा बघता का यांना? किड्स क्लबमध्ये दहानंतर तासाला पैसे लावतात. आम्ही शो बघून अर्ध्या तासात आलोच. तुम्हाला काय, तुम्ही दोघंच.’

तुम्हाला काय, तुम्ही दोघंच. लग्नानंतर पाचव्या वर्षापासून मी हे ऐकत आलेय. सासूबाईंजवळ दवाखान्यात रात्री कुणी थांबायचं? दिवाळीत सगळ्यांच्या फराळाला कुणी उभं राहायचं? पुढे २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी चढलं, तेव्हा पाहुणे कुणाच्या खोलीत झोपवायचे? आमच्याच, कारण आम्ही दोघंच.

त्या रात्री मला नाही म्हणता आलं नाही. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. मुलगी माझ्या मांडीवर झोपली, पदराच्या जरीवर तिची लाळ. मुलाला मी गोष्टींमागून गोष्टी सांगितल्या. पोरं गुणी होती, त्यांचा काडीचा दोष नव्हता. हे समोरच्या खुर्चीत बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. रेस्टॉरंट बंद झालं. बारा वाजता ती बाई आली आणि म्हणाली, ‘तुमचाही वेळ छान गेला असेल ना?’ खोलीत येऊन आम्ही घरून नेलेला चिवडा खाल्ला आणि झोपलो.

कोल्हापुरात परतल्यावर जावेला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं झालं की. तेवढंच लेकरू मांडीवर.’ चार महिने मी तिच्याशी बोलले नाही. एकाच घरात, एकाच नळावर पाणी भरत.

आता कंपन्यांचं बोलू. आपल्याकडून सुटणाऱ्या जहाजांत फक्त मोठ्यांसाठी असं जहाज मला सापडलेलं नाही. मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करणारी कॉर्डेलिया सगळ्या कुटुंबासाठी आहे. जवळचंच हवं असेल तर कंपनीपेक्षा महिना बघा. मे आणि दिवाळीची सुट्टी टाळा, जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी घ्या, परीक्षा जवळ आलेल्या असतात. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी सीएसएमटी, तिथून जहाज सुटतं ते बॅलार्ड पियर टॅक्सीनं हाकेच्या अंतरावर. सिंगापूरहून जाणार असाल तर तिथल्या शाळांची जूनची आणि नोव्हेंबर-डिसेंबरची सुट्टीही टाळायला हवी. युरोपात जुलै-ऑगस्ट नकोच.

मोठ्या जहाजांवर मोठ्यांसाठी वेगळा कोपरा असतो. रॉयल कॅरिबियनचं सोलॅरियम सोळा वर्षांपुढच्यांसाठी आहे. पण जेवायला, लिफ्टमध्ये, शोला सगळे एकत्रच. त्यापेक्षा माझी खूण सोपी आहे: जहाजावर किड्स क्लब आहे का ते बघा. अझमारा कंपनीच्या जहाजांवर तो नाहीच, त्यामुळे मुलं नेण्यावर बंदी नसली तरी पालकच तिकडे फारसे फिरकत नाहीत.

अठराच्या आतल्यांना अजिबात न घेणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या म्हणजे व्हायकिंग आणि व्हर्जिन व्हॉयेजेस. ब्रिटनच्या पी अँड ओची ‘आर्केडिया’ आणि ‘अरोरा’ ही दोन जहाजंही फक्त मोठ्यांसाठी. सागा ही कंपनी तर पन्नाशीपुढच्यांसाठीच आहे. पण फक्त मोठ्यांचं जहाज म्हणजे शांत जहाज, असं धरून चालू नका. व्हर्जिनवर गोंदण काढून द्यायचं दुकान आहे, रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात. तरुण जोडप्यांना ते आवडेल. तुमच्या वयाला माझ्या मते व्हायकिंग. तिथे कॅसिनो नाही, समुद्रावरच्या जहाजांवर प्रत्येक केबिनला बाल्कनी आहे, प्रवासी हजाराच्या आतच असतात आणि प्रत्येक बंदरात एक सहल तिकिटातच धरलेली असते.

आम्ही निवृत्तीनंतर, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, व्हायकिंगनंच गेलो. एड्रियाटिक समुद्रात, डुब्रोव्हनिक, कोटर, मग ग्रीस. कोटरला पोहोचायच्या दिवशी पहाटे बाल्कनीत येऊन उभे राहिलो. खाडी आत-आत वळत जाते आणि दोन्ही बाजूंना डोंगर इतके जवळ येतात की गगनबावड्याच्या घाटात उभं असल्यासारखं वाटलं, फक्त खाली रस्त्याऐवजी पाणी. तासभर आम्ही काही बोललो नाही. मग हे म्हणाले, ‘कुणाची तरी वाट बघत नाही, असं आपण पहिल्यांदाच उभे आहोत.’

त्या आठवड्यात मला कुणी रिकामी समजलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ‘मुलं किती?’ विचारलं, मी ‘नाहीत’ म्हटलं, त्यांनी मान हलवली आणि ऑलिव्ह पुढे केले. विषय संपला. मी पैसे त्याच्यासाठीच मोजले होते, आणि पुन्हा मोजीन.

पैसे बरेच लागले, यांच्या फंडातला मोठा हिस्सा गेला. त्यावर जाऊ म्हणाली, ‘तेवढ्यात थोरल्याच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट झालं असतं.’ थोरल्याच्या इंजिनीअरिंगची दोन वर्षांची फी आम्हीच भरली, आनंदानं भरली, कधी बोलून दाखवली नाही. आज इथे लिहितेय, कारण ती इथलं वाचते. तुमच्याही घरात कुणीतरी असं म्हणेल. त्यांना विचारून तिकीट काढू नका.

एक राहिलं. ही जहाजं आपल्यापासून लांबून सुटतात, त्यामुळे विमानभाडं आणि व्हिसा धरूनच हिशेब करा. भूमध्य समुद्रातल्या बहुतेक सफरींना शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, लागतो, तोही अनेकदा प्रवेश देणारा, कारण जहाज मध्येच माँटेनेग्रोसारख्या शेंगेनबाहेरच्या देशात शिरून परत येतं. साउदॅम्प्टनहून निघालात तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा. आरोग्य विमा जहाजावरचा उपचार धरून घ्या, तिथला डॉक्टर महाग पडतो. आणि पहिल्यांदाच समुद्रावर जात असाल तर थेट व्हायकिंगला इतके पैसे घालू नका. फेब्रुवारीत मुंबईहून तीन-चार रात्रींची फेरी करून बघा, बोट लागते की नाही ते तरी कळेल. बाल्कनीची खोली मात्र तेव्हाही घ्या.