वडिलांची पोस्टातली ठेव मोडून थ्रीडी शिल्पकाम शिकायला जावं का?

प्रश्न: मी २६ वर्षांचा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात जकार्डची डिझाइनं संगणकावर करतो. पीएफ, ईएसआय कापून हातात १७,००० रुपये येतात. त्यातले १०,००० घरी देतो, ४,००० माझ्यावर खर्च होतात, बाकीचे साठवतो. बचत ७४,००० आहे. वडील ६१ वर्षांचे, सुताच्या गोदामातून निवृत्त झाले. त्यांचे ५ लाख रुपये सव्वादोन वर्षांपूर्वी पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले. आई विड्या वळते. घरी आम्ही तेलुगू बोलतो. शाळेत असताना सुट्टीत गणपतीच्या कारखान्यात शाडूचं काम करायचो, ते अजून हातात आहे. आता संगणकावर कार्टूनची पात्रं घडवायला शिकायचं आहे. पुण्यात एका संस्थेचा एक वर्षाचा कोर्स आहे, फी २,४०,००० आणि वर जीएसटी. संस्था हप्त्यांवर कर्ज मिळवून देते, पण वडील म्हणतात, कर्ज नको, माझी ठेव मोड. काय करू?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे बघितले, दुसऱ्यांदा शाडूचं वाक्य. त्या वाक्यामुळेच हे शिक्षण तुम्ही घ्यावं असं मला वाटतं. ठेव मात्र आज मोडू नका. पुढचे नऊ महिने तर नाहीच.

आधी खर्च पूर्ण मांडू. फी २,४०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २,८३,२०० झाले. पुण्यात राहण्याचे महिना ९,००० आणि मेस, बस, फोनचे ५,००० धरले तर वर्षाचे १,६८,०००. संस्था सांगते तसला लॅपटॉप ८५,००० चा. रोख लागणारी रक्कम ५,३६,२०० रुपये. ठेव आज मोडली तर एक वर्षानंतर आणि तीन वर्षांच्या आत बंद केल्याबद्दल पोस्ट मुद्दलातून दोन टक्के, म्हणजे १०,००० कापून घेईल. उरलेल्या ४,९०,००० मध्ये तुमची सगळी बचत मिळवली तर ५,६४,००० होतात. कोर्स संपेपर्यंत तुमच्या कुटुंबाजवळ राहतील २७,८०० रुपये.

याच वर्षात घरी तुमचे दहा हजार येणार नाहीत. ७.४ टक्क्यांनी वडिलांना दरमहा मिळणारे ३,०८३ रुपयेही बंद होतील. म्हणजे घर चालणार आईच्या विड्यांवर. हे चित्र आई-वडिलांसमोर कुणी मांडलं आहे का? वडील प्रेमापोटी हो म्हणाले, यात शंका नाही. पण त्यांच्यासमोर फक्त फीचा आकडा ठेवला गेला असणार.

आणखी एक गोष्ट पत्रात तुम्ही दोन शब्दांत उरकली आहे, ती म्हणजे ईएसआय. २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराला हा आरोग्य विमा मिळतो. तुमच्या पगारातून त्यासाठी दीडशे रुपयेसुद्धा कापले जात नाहीत, आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचे उपचारही होतात. नोकरी सोडली की हे कवच जातं. एकसष्टीचे वडील आणि दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसणारी आई घरात असताना मी याला पगाराइतकंच महत्त्व देतो.

आता कोर्स झाल्यावरचं. पुण्यात राहण्याचा खर्च १४,००० धरला, तर आज तुमच्या हातात घरासाठी आणि बचतीसाठी जे १३,००० उरतात, तेवढेच उरायला तिथे २७,००० हातात यायला हवेत. २७,००० म्हणजे प्रगती नाही, आज आहात तिथेच आहात. कमाई त्याच्या पुढे सुरू होते. नवशिक्याला पहिल्याच नोकरीत हा आकडा मिळेल, असं लेखी द्यायला ती संस्था तयार आहे का, विचारून बघा.

कर्जाचा मार्गही सोपा नाही. बिनव्याजी हप्ते म्हणून सांगितलं जातं, पण करार तुमचा आणि वित्त कंपनीचा असतो. फी संस्थेच्या खात्यात आधीच जमा होते. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबातल्या मुलाने चौथ्या महिन्यात कोर्स सोडला, शिकवणारे बदलले होते. हप्ते मात्र पुढे दीड वर्ष चालू राहिले, आणि दोन हप्ते चुकले म्हणून त्याचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब झाला. त्या आईचा चेहरा मला आजही आठवतो. वडिलांनी कर्जाला नको म्हटलं, ते अगदी बरोबर आहे.

मग शिकायचं कसं? इथे तुमच्या क्षेत्राबद्दल थोडं बोलावं लागेल, कारण पैशाचा निर्णय त्यावरच ठरतो.

या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये झेडब्रश हे नाव सर्वात मोठं. ते बनवणारी कंपनी मॅक्सॉनने घेतल्याचं २०२१ च्या अखेरीस जाहीर झालं आणि आता ते वर्गणी भरून वापरावं लागतं. सुरुवातीला त्याची गरज नाही. ब्लेंडर हे दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे, २००२ पासून मुक्त स्रोत आहे, आणि त्यात शिल्पकामाचा वेगळा विभाग आहे. फुकट म्हणून ते दुय्यम समजू नका. २०२५ मध्ये अॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा चित्रपट ब्लेंडरमध्येच घडला.

कामाची पद्धत तुम्हाला परकी वाटणार नाही. एक गोळा घ्यायचा, ग्रॅब ब्रशने ओढून डोकं, धड, पोट यांचे ढोबळ आकार काढायचे, क्ले स्ट्रिप्सने भर घालायची, स्मूदने बोट फिरवल्यासारखं गुळगुळीत करायचं. संगणकावरचा आकार छोट्या तुकड्यांच्या जाळीचा असतो; तो ताणून जाळी विरळ झाली की रिमेश करून ती पुन्हा सारखी करायची. शाडूचा गोळा कोरडा पडला की पाण्याचा हात लावून पुन्हा मळतात, तसंच. कार्टूनचं पात्र सोपं दिसतं म्हणून फसू नका. वास्तववादी चेहऱ्यावर सुरकुत्या आणि छिद्रांत चूक लपते. कार्टूनच्या गुळगुळीत गालावर एवढासा खड्डा पडला तरी सावलीत लगेच दिसतो. गणपतीच्या सोंडेचं वळण जमलेल्या हाताला हे पटकन कळेल.

पण पगार नुसत्या शिल्पाला मिळत नाही. शिल्पाची जाळी लाखो तुकड्यांची असते, ती हलवता येत नाही. अॅनिमेशनसाठी त्यावर काही हजार तुकड्यांची नवी, नीट वाहणारी जाळी बसवावी लागते. याला रिटोपॉलॉजी म्हणतात. मग यूव्ही, म्हणजे रंग चढवायला पृष्ठभाग सपाट उलगडणं, मग रंग आणि पात्र हलवायला आतला सांगाडा. नवशिक्यांची इथेच दमछाक होते. म्हणून पुण्याच्या संस्थेला फीच्या आधी हे विचारा: वर्षातले किती तास शिल्पाला आणि किती तास रिटोपॉलॉजीला? मागच्या तुकडीतल्या पाच जणांचं काम बघायला मिळेल का? अर्ध्यात सोडल्यास किती पैसे परत, ते पावतीवर लिहून देणार का? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांवर एक रुपयाही ठरवू नका.

नऊ महिने नोकरी चालू ठेवा. लॅपटॉप घेऊ नका, डेस्कटॉप घ्या. शिल्पकामात भार मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर येतो, झेडब्रश तर प्रोसेसरवरच चालतं. महागडं ग्राफिक कार्ड रेंडरिंगला, म्हणजे शेवटचं चित्र तयार करायला, कामी येतं, ते नंतर बघू. १६ जीबी रॅमचा वापरलेला चांगला संच ३८,००० पर्यंत, स्क्रीन नसलेला साधा पेन टॅब्लेट ४,५०० आणि यूपीएस ३,००० धरा. वीज गेली आणि तीन तासांचं काम पुसलं गेलं, असं एकदा जरी झालं तरी यूपीएसचे पैसे वसूल होतात. एकूण ४५,५०० तुमच्या बचतीतून घ्या. उरलेल्या २८,५०० ला हात लावू नका, दरमहाचे ३,००० त्यात भरत राहा. नऊ महिन्यांनी ते ५५,५०० होतील.

वेळही मोजा. रात्री दोन तास, आठवड्यातून पाच दिवस, आणि सुट्टीच्या दिवशी चार तास. ३९ आठवड्यांत ५४६ तास होतात. दिवसभर डिझाइनं करून आल्यावर हे सोपं नाही, पण एवढं जमलं नाही तर पुण्याच्या वर्षाबद्दलही काही कळून येईल.

पात्रं स्वतःची घडवा. छोटा भीमसारखी ओळखीची पात्रं सरावाला ठीक, विकायला नाही. ती कंपन्यांची मालमत्ता असते. तुमच्या आसपास माणसं कमी आहेत का? गड्ड्याच्या जत्रेतला फुगेवाला, सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणारा तरुण, भट्टीसमोर कडक भाकरी करणारी बाई. या पात्रांवर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही, आणि मुलाखतीत ती लगेच वेगळी दिसतील.

नऊ महिन्यांनंतर मला दोन गोष्टी दिसायला हव्यात. शिल्पापासून रिटोपॉलॉजी आणि रंगापर्यंत पूर्ण झालेली पाच पात्रं. आणि अनोळखी माणसाकडून मिळालेलं एक तरी पैशाचं काम, मग ते १,५०० रुपयांचं का असेना. सोलापुरात हे अशक्य नाही. ट्रॉफी करणारे, भेटवस्तूंचे दुकानदार आणि तुमचे जुने गणपतीवाले, या सगळ्यांना छोट्या मूर्तीचा नमुना लागतो. थ्रीडी प्रिंट काढून त्यावरून सिलिकॉनचा साचा करता येतो. पहिल्यांदा गणपतीवाल्यांकडेच जा, ते तुमचा हात ओळखतात.

नऊ महिनेच का? तेव्हा वडिलांच्या खात्याला तीन वर्षं पूर्ण होतील आणि कपात दोन टक्क्यांवरून एक टक्क्यावर येईल, म्हणजे ५,००० रुपये वाचतील. त्या वेळी दोन्ही गोष्टी जमल्या असतील तर मी स्वतः सांगेन, खातं बंद करा. त्यातले थोडेसेच काढून घेता येत नाहीत, पूर्णच बंद करावं लागतं. हाती ४,९५,००० येतील. त्यातले दीड लाख तुमच्या शिक्षणाला. उरलेले ३,४५,००० वडिलांच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, साठी ओलांडल्यामुळे ते पात्र आहेत. आजच्या ८.२ टक्के दराने वर्षाला २८,२९० रुपये होतात, दर तिमाहीला मिळतात. महिन्याचा हिशेब २,३५७ रुपयांचा. वडिलांचं उत्पन्न महिन्याला सव्वासातशेच्या आसपास कमी होईल, पण बंद होणार नाही. दर तेव्हा बदलला असेल तर हिशेब नव्याने मांडू.

दीड लाखात वर्षाचा कोर्स बसत नाही, हे मला माहीत आहे. पण तोवर तुम्हाला फोटोशॉपपासून सगळं शिकवणारा कोर्स लागणारही नाही. जिथे अडताय तेवढंच शिकवणारं तीन-चार महिन्यांचं प्रशिक्षण लागेल, आणि तेही पुण्यातच हवं असं नाही. सोलापूरहून हैदराबाद साधारण तीनशे किलोमीटर. छोटा भीम बनवणारी ग्रीन गोल्ड कंपनी तिथलीच. स्टुडिओत दिवसभर सूचना ऐकून काम बदलायचं असतं, तिथे घरची तेलुगू तुमच्या किती उपयोगी पडेल, याचा विचार तुम्ही पत्रात कुठेच केलेला नाही.

पाचवं पात्र पूर्ण झालं की रजा काढून दोन दिवस हैदराबादला जा. काम पेन ड्राइव्हवर घ्या, तिथल्या दोन-तीन स्टुडिओंत दाखवा आणि काय कमी पडतंय ते लिहून आणा. तो कागद घेऊन वडिलांना बरोबर घेऊन माझ्याकडे या. पोस्टाचा फॉर्म त्या दिवशी भरू.