तीनशेचा प्लॅन आणि मागची खोली

प्रश्न : साताऱ्यात आमचं जुनं दगडी घर आहे. इंटरनेट १०० एमबीपीएसचं. मुलगा मागच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करतो, तिथे मीटिंग सारखी अडकते. हॉलमध्ये फाइल डाउनलोड केली तर आकडा बाराच्या पुढे सरकत नाही. केबलवाला म्हणतो, ३०० चा प्लॅन घ्या. घ्यावा का?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, इतक्यात घेऊ नका.

आधी त्या बाराचं बघू. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट) आणि फाइल उतरताना बहुतेक वेळा मेगाबाइट दिसतात. ८ बिटांचा एक बाइट. शंभराला आठाने भागलं की साडेबारा. म्हणजे हॉलपर्यंत तुमचे पैसे वसूल आहेत.

नेटफ्लिक्सचं स्वतःचं म्हणणं, फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरे, फोर-केला १५. व्हिडिओ मीटिंगला जाता-येता चार-चार धरले तरी पुष्कळ झाले. टीव्ही, मीटिंग आणि तुमचं यूट्यूब एकदम चाललं तरी तिशीच्या आतबाहेर. रोज मोठाले गेम किंवा व्हिडिओच्या फायली चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांनी ३०० घ्यावेत. तुमच्या घरात तसं कोणी दिसत नाही.

मला संशय आहे तो भिंतीचा. इतकी वर्षं घराघरांत राउटर बसवतोय, दहातल्या आठ घरी तो टीव्हीमागच्या कप्प्यात कोंबलेला सापडतो, का तर वायर तिथून आत आली म्हणून! वायफायचा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण जाड दगडी भिंतीत त्याचा दम जातो. २.४ चा त्यापेक्षा लांब पोचतो, पण तिथे शेजारपाजारच्या राउटरांची आणि मायक्रोवेव्हची गर्दी. ३०० घेतलेत तरी भिंत आहे तिथेच राहणार.

मुलाचा लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, बाकीच्यांचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. मग तीच टेस्ट मागच्या खोलीत, वायफायवर. दोन्हीकडे अपलोडही टिपून ठेवा. मीटिंगमध्ये मुलाचा चेहरा नि आवाज अपलोडवरून जातो, आणि काही प्लॅनांत तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. केबलवाला ते आपणहून सांगत नाही. केबलवर नव्वदच्या आसपास आणि मागे दहा-बारा आले, तर कॅट-६ प्रतीची लॅन वायर मागच्या खोलीपर्यंत ओढून घ्या आणि तिथे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतून आलेलं नेट त्या खोलीत वायफायने पसरवायला, लावा. खर्च एकदाच. प्लॅन वाढवलात तर दरमहा, वर १८ टक्के जीएसटी. भिंतीपलीकडे लावायच्या स्वस्त रिपीटरच्या नादी लागू नका. त्याच्यापर्यंत जे अर्धमेलं पोचतं, तेच तो पुढे ढकलतो.

लॅन केबलवरच रात्री नऊला आकडा पडत असेल, तर मात्र दुपारचा आणि रात्रीचा स्क्रीनशॉट केबलवाल्याला दाखवा. तरीही ३०० घ्यायचेच ठरलं, तर राउटरची पोर्टं (वायर खोचायच्या जागा) गिगाबिटची, म्हणजे १००० एमबीपीएसची, आहेत का, हे आधी विचारा. जुन्या १०० च्या पोर्टातून पंचाण्णवच्या वर काही येत नाही.