डाव, बचावफळी आणि 'सॅक'ची पिशवी

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा येथील एका वाचकाचा प्रश्न आहे. अमेरिकन फुटबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचा २०१८चा हंगाम संपल्यावर 'पुढच्या वर्षी डिफेन्सने अधिक बिग प्लेज केले पाहिजेत' असे जो तो म्हणत होता. त्याचे मराठी 'संरक्षणाने अधिक मोठे खेळ करावेत' असे केले तर चालेल का?

चालणार नाही. संरक्षण हे सरकारचे खाते असते. मैदानावर असते ती बचावफळी. 'मोठे खेळ' हा प्रयोग तर हल्ली इतक्यांदा कानांवर पडतो की, एखाद्या यंत्राने 'मोठी नाटके' असे भाषांतर केले तर तेच अधिक प्रामाणिक वाटावे. या 'प्ले'साठी कुस्तीपासून पत्त्यांपर्यंत सर्वत्र चालणारा 'डाव' आपल्याकडे आहेच. शिवाय बचावफळी स्वतःचा डाव मांडत नसून समोरच्याचा उधळते किंवा उलटवते, हा भेद मराठीत आयता मिळतो. हवेतला चेंडू मध्येच हिरावला किंवा हातून निसटलेला चेंडू झडप घालून मिळवला, की डाव उलटला. चेंडू फेकण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाई चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याला, आडवे केले, की डाव उधळला. या दुसऱ्या प्रकाराला 'सॅक' म्हणतात, आणि खरे तर वाचकाने याच शब्दाविषयी विचारायला हवे होते.

हा शब्द मुळात पिशवीचा. सेमिटिक भाषांतून तो ग्रीकमध्ये 'साक्कोस' आणि लॅटिनमध्ये 'साक्कुस' होऊन आला. पुढे इटालियन व फ्रेंच भाषांत एखादे शहर 'पोत्यात घालणे' म्हणजे ते लुटणे असा वाक्प्रचार रुळला आणि तिथून लुटीचा अर्थ इंग्रजीत शिरला. म्हणूनच १६६४ आणि १६७० मधल्या ज्या घटनांना आपण सुरतेची लूट म्हणतो, त्यांना इंग्रजीत 'सॅक ऑफ सुरत' म्हणतात. ('लूट' हा शब्दही इंग्रजांनी पुढे आपल्याकडूनच उचलला, हे जाता जाता.) आपली मुले पाठीवर जी 'सॅक' अडकवून शाळेत जातात, तीही याच कुळातली.

फुटबॉलमध्ये हा शब्द रुजवण्याचे श्रेय सहसा लॉस एंजेलिस रॅम्स संघाच्या बचावफळीतल्या डीकन जोन्सला दिले जाते. त्याने शब्दाची फोड दोन प्रकारे केली: कधी शहर उद्ध्वस्त करण्याची उपमा दिली, तर कधी समोरच्या फळीतल्या धिप्पाड गड्यांना गोणपाटाच्या पोत्यात भरून वरून बॅटने बडवण्याची. यात विसंगती पाहणाऱ्यांनी व्युत्पत्ती पाहिलेली नसते. लूट आणि पोते हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि जोन्सने ते दोन्ही, कोश न उघडता, अचूक पकडले, असे माझे ठाम मत आहे. प्रशिक्षक मार्व्ह लेव्ही मात्र हे श्रेय दुसरे प्रशिक्षक जॉर्ज ॲलनला देतात: डॅलस संघाचा क्वार्टरबॅक क्रेग मॉर्टन याच्यावर कोटी करताना, मॉर्टन नावाचे मीठ (हा अमेरिकेतला मिठाचा प्रसिद्ध ब्रँड) पोत्यात ओतू, असे ॲलन म्हणाला होता म्हणे. ती कोटी आहे, शब्दाचा उगम नव्हे. आणि त्याआधी रॅम्सच्या तंबूत हाच ॲलन जोन्सचा प्रशिक्षक होता, म्हणजे शब्द त्याच्या कानावर तिथेच पडला असणार, हे लेव्हींच्या बाजूने बोलणारे सोयीस्करपणे विसरतात. दैवदुर्विलास असा की, नॅशनल फुटबॉल लीगने खेळाडूंच्या सॅकची अधिकृत नोंद १९८२ मध्ये सुरू केली आणि जोन्स १९७४ नंतर खेळलाच नाही. त्यामुळे त्याच्या नावावर अधिकृत सॅक एकही नाही.

राहिला मूळ प्रश्न. २०१८ मध्ये फोर्टीनाइनर्सनी सॅक ३७ केले होते, म्हणजे उधळण्यात ते अगदीच मागे नव्हते. परंतु १६ सामन्यांत त्यांनी हवेतला चेंडू फक्त २ वेळा हिरावला आणि एकूण ७ वेळाच ताबा पटकावला, जो लीगच्या इतिहासातला तोवरचा नीचांक ठरला. म्हणून वाक्य असे व्हावे: 'पुढच्या हंगामात बचावफळीने समोरच्याचे डाव नुसते उधळू नयेत, अधिक वेळा उलटवावेत.' २०१९ मध्ये बचावफळीत निक बोसा आणि डी फोर्ड आले, सॅक ४८ झाले, ताबा २७ वेळा पटकावला गेला, आणि संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचून कॅन्सस सिटीकडून ३१-२० असा हरला.